17 कोटी डॉलरचा करार आणि 40 सामने

2017 च्या जुलैमध्ये एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या एका संघाने आपल्या सर्वांत चांगल्या खेळाडूशी चार वर्षांचा, 17 कोटी डॉलरचा करार केला. त्या वेळच्या दराने हे साधारण 1,100 कोटी रुपये झाले. करार लागू असलेल्या चार हंगामांत, ज्या दोन संघांच्या खात्यातून हा पगार गेला त्या दोघांसाठी मिळून तो 40 सामने खेळला. नियमित हंगाम 82 सामन्यांचा असतो.

एवढेच वाचले तर निकाल लागल्यासारखा वाटतो: बड्या खेळाडूंना एवढे पैसे देणे म्हणजे वेडेपणा. मला हे प्रकरण मांडावेसे वाटले ते याच कारणासाठी, कारण ते नीट उलगडत गेले की तो निकाल टिकत नाही. सही करणारे लोक मूर्ख नव्हते आणि खेळाडू लोभी नव्हता.

खेळाडूचे आणि त्याच्या संघाचे नाव इथे लिहिलेले नाही. एनबीए पाहणारे ओळखतील, त्याला हरकत नाही. पण नाव आले की चर्चा आवडीनिवडीकडे जाते आणि निर्णय बाजूला राहतो. शिवाय या चार वर्षांत त्या माणसाने वैयक्तिक आयुष्यातही बरेच सोसले. तो पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा खेळाडू होता, म्हणून त्याला 'गार्ड' म्हणतो, आणि त्याच्या पहिल्या संघाला 'मूळ संघ'. आकडे, तारखा आणि नियम आहेत तसेच दिले आहेत.

पार्श्वभूमी

गार्ड 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर घेतला गेला. त्याचे भांडवल म्हणजे वेग. चेंडू हातात असताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याच्याइतका झपाट्याने जाणारा खेळाडू त्या काळात क्वचितच होता. लांबून नेम धरणे ही त्याची ताकद कधीच नव्हती. पुढे जे घडले ते समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

2013 मध्ये त्याला पाच वर्षांचे 8 कोटी डॉलर मिळाले. तेव्हाही 'हा एवढ्याच्या लायकीचा आहे का' अशी चर्चा झाली होती. मग लीगचा नवा टीव्ही करार झाला, नऊ वर्षांचा, 2,400 कोटी डॉलरचा. त्यामुळे प्रत्येक संघाची वेतनमर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, 2016 च्या उन्हाळ्यात एका झटक्यात 7 कोटींवरून 9.4 कोटी डॉलरवर गेली. सगळ्या संघांच्या हातात एकदम पैसा खुळखुळू लागला आणि मध्यम खेळाडूंनाही भरघोस करार मिळाले. गार्ड मात्र जुन्याच करारात अडकलेला. 2016-17 च्या हंगामात त्याचा पगार सुमारे 1.7 कोटी डॉलर होता. त्याच्याच संघाने त्या उन्हाळ्यात आणलेल्या राखीव सेंटरला सुमारे 1.6 कोटी मिळत होते, आणि जोडीच्या शूटिंग गार्डला 2.2 कोटी.

त्या हंगामात गार्डने सामन्यामागे 23 गुण आणि जवळपास 11 असिस्ट (ज्यांवर जोडीदार बास्केट करतो असे पास) अशी सरासरी राखली. संघाने 49 सामने जिंकले. 1978-79 नंतर एवढे विजय त्यांना मिळाले नव्हते, आणि डिव्हिजनही, म्हणजे लीगमधला आपला गटही, तेव्हापासून पहिल्यांदाच जिंकला होता. प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत बॉस्टनविरुद्ध सहावा सामना, घरच्या मैदानावर, तारीख 12 मे. हरले तर हंगाम संपला. शेवटचे काही सेकंद उरलेले, संघ दोन गुणांनी मागे. गार्डने लांबून तीन गुणांचा बास्केट मारला, 92-91 असा सामना जिंकला आणि धावत जाऊन गुणलेखकांच्या टेबलावर चढला. सातव्या सामन्यात ते हरले. पण त्या रात्री टेबलावर उभ्या असलेल्या त्या माणसाला त्या शहरातले कुणी 'महाग' म्हणाले नसते. 1.7 कोटींत तो त्या वर्षी लीगमधला स्वस्त सौदा होता.

पेच

त्याच उन्हाळ्यात, 1 जुलै 2017 ला, लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतला नवा करार लागू झाला. वर्षभर आधी केव्हिन ड्युरंट हा लीगमधला अव्वल खेळाडू ओक्लाहोमा सिटी सोडून गोल्डन स्टेटला गेला होता आणि छोट्या शहरांतल्या मालकांनी त्याचा धसका घेतला होता. आपला खेळाडू आपल्याकडेच राहावा म्हणून नवी सवलत आली, जिला सगळे 'सुपरमॅक्स' म्हणतात. सात ते नऊ वर्षे खेळलेल्या खेळाडूला एरवी कॅपच्या 30 टक्क्यांपर्यंत पगार देता येतो. सुपरमॅक्समध्ये स्वतःचा संघ 35 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, वर दरवर्षी 8 टक्के वाढ. दुसरा कोणताही संघ त्याला एवढे देऊ शकत नाही.

आयपीएलशी ताडून पाहिले तर प्रमाण लगेच कळते. 2025 च्या हंगामासाठी प्रत्येक संघाकडे 120 कोटी रुपये होते आणि ऋषभ पंतला 27 कोटी मिळाले. हा विक्रम होता, तरी तो थैलीच्या 22.5 टक्के भरतो. इथे एकट्याला 35 टक्के, तेही चार-पाच वर्षे, आणि खेळला नाही तरी पूर्ण पैसे. एनबीएमधले करार बहुतेक पूर्ण हमीचे असतात.

सुपरमॅक्सला पात्र ठरायचे तर लीगचा सर्वोत्तम खेळाडू किंवा सर्वोत्तम बचावपटू हा मान हवा, नाहीतर ऑल-एनबीए संघांत नाव हवे. ऑल-एनबीए संघ तीन असतात, प्रत्येकी पाच जणांचे, आणि ते पत्रकारांच्या मतांवर ठरतात. नाव नुकत्याच संपलेल्या हंगामात तरी हवे किंवा मागच्या तीनपैकी दोन हंगामांत. गार्डचे नाव 2017 मध्ये तिसऱ्या संघात आले. आयुष्यात पहिल्यांदाच. म्हणजे त्या उन्हाळ्यात तो पात्र होता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नाव आले नाही तर पात्रता संपणार होती.

खरा पेच इथे आहे. गार्डच्या जुन्या कराराची दोन वर्षे बाकी होती. 2017 मध्ये सही केली तरी नवा पैसा 2019-20 पासून सुरू होणार होता, म्हणजे तो 29 वर्षांचा झाल्यावर. 26 वर्षांचा खेळाडू समोर बसलेला आणि विकत घ्यायची ती त्याची 29 ते 32 ही वर्षे. वेगावर जगणाऱ्या खेळाडूची. शिवाय वर्षभर आधी, 2016 च्या मे महिन्यात, त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली होती, आणि हे संघाइतके नेमके दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

पैसा कुणाच्या वाट्याचा

'एवढा पैसा खेळाडूला कशाला' असे विचारणाऱ्यांचा एक गैरसमज आधी दूर करायला हवा. एनबीएच्या बास्केटबॉलमधून येणाऱ्या उत्पन्नाचा साधारण निम्मा भाग खेळाडूंना मिळतो, हे करारानेच ठरलेले आहे. पगारातून काही टक्के रक्कम आधी बाजूला काढून ठेवतात आणि वर्षाअखेर हिशेब करून ती निम्म्याशी जुळवतात. त्यामुळे गार्डला 17 कोटी दिले नसते तर ते तिकिटाच्या दरात कपात होऊन प्रेक्षकाच्या खिशात गेले नसते. ते दुसऱ्या कुठल्यातरी खेळाडूला मिळाले असते.

अगदी वरच्या खेळाडूंच्या बाबतीत तर चित्र उलटे आहे. 1997-98 मध्ये मायकेल जॉर्डनचा पगार 3.3 कोटी डॉलर होता, तेव्हा अख्ख्या संघाची कॅप होती 2.69 कोटी. त्याच सुमाराला केव्हिन गार्नेटला सहा वर्षांचे 12.6 कोटी मिळाले, मालक हादरले, 1998 मध्ये लीगला टाळे लागले आणि त्यातून एकेका खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा आली. तेव्हापासून जगातल्या पहिल्या चार-पाच खेळाडूंना त्यांच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी मिळते, माझ्या मते बरेच कमी. खुल्या बाजारात यानिस आंतेतोकुंपोला 35 टक्क्यांवर कुणी थांबवले असते? मिलवॉकीने त्याला 2020 च्या डिसेंबरात पाच वर्षांचे 22.8 कोटी दिले आणि सात महिन्यांत संघ विजेता झाला. शेवटच्या सामन्यात त्याने एकट्याने 50 गुण केले. तो करार स्वस्तच होता.

पण कमाल मर्यादेचा एक दुष्परिणाम आहे. पहिल्या क्रमांकाचा आणि बाराव्या-पंधराव्या क्रमांकाचा खेळाडू एकाच किमतीला येऊन बसतात. संघांचे नुकसान बहुतेक या दुसऱ्या गटात होते. गार्ड त्या गटात होता.

समोरचे पर्याय

मूळ संघापुढे चार वाटा होत्या.

पूर्ण सुपरमॅक्स देणे. त्यात शहराचा आवडता खेळाडू सहा वर्षांसाठी पक्का होतो, ड्रेसिंग रूममधली पगाराची धुसफुस मिटते आणि पुढच्या उन्हाळ्यांत बाकीच्या खेळाडूंना 'इथे राहा' म्हणायला आधार मिळतो.

कमी देऊन पाहणे. 30 आणि 35 टक्क्यांच्या मधला आकडा नियमात बसत होता. पण त्या वर्षी स्टेफन करी, जेम्स हार्डन आणि रसेल वेस्टब्रुक पूर्ण 35 टक्के घेत होते. चौथ्याला 32 देऊ केले तर त्याचा एजंट काय उत्तर देईल, हे सांगायची गरज नाही.

थांबणे. दोन वर्षे हातात होती. पण 2018 मध्ये पात्रता गेली तर खेळाडूचे काही कोटी डॉलर संघाच्या थांबण्यामुळे गेले असते. तो 2019 मध्ये मोकळा होऊन रागाने निघून गेला असता आणि संघाला काहीच उरले नसते.

चौथी वाट ट्रेडची, म्हणजे पैसे देण्याची वेळ यायच्या आधीच त्याला दुसरीकडे पाठवायची. त्याच वर्षी फेब्रुवारीत सॅक्रामेंटोने डीमार्कस कझिन्सला असे पाठवले. त्याला 20 कोटींच्या वरचा सुपरमॅक्स मिळू शकला असता. बदल्यात फारसे काही आले नाही म्हणून सॅक्रामेंटोची सगळीकडे छी-थू झाली. अकरा महिन्यांनी कझिन्सची अकिलिस, म्हणजे टाचेची मोठी शीर, तुटली आणि तो पुन्हा पूर्वीसारखा खेळू शकला नाही. मात्र या वाटेला शहाणपणाचे नाव देताना जपून. 2025 च्या फेब्रुवारीत डॅलसने लुका डोंचिचला जवळपास अशाच हिशेबाने लेकर्सकडे पाठवले. प्रेक्षक रस्त्यावर आले आणि नोव्हेंबरात जनरल मॅनेजरची नोकरी गेली.

काय केले

मूळ संघाने पहिली वाट धरली. पूर्ण सुपरमॅक्स, चार वर्षे, चौथे वर्ष खेळाडूच्या मर्जीवर, आणि ट्रेड झाला तर 15 टक्के बोनसचे कलम. त्याच जुलैत संघाने आणखी एक मोठा खर्च केला. त्यांच्या तरुण फॉरवर्डला ब्रुकलिनने चार वर्षांचे 10.6 कोटी देऊ केले होते. मूळ संघाने तो आकडा जुळवून त्याला ठेवून घेतले. शूटिंग गार्डचे पाच वर्षांचे 12.8 कोटी आणि राखीव सेंटरचे चार वर्षांचे 6.4 कोटी आधीच चालू होते.

त्यामुळे 2018-19 मध्ये या संघात सर्वांत कमावता खेळाडू होता फॉरवर्ड, दुसरा शूटिंग गार्ड, आणि ज्याच्यावर सगळे उभे होते तो तिसरा. गार्डच्या स्वस्त वर्षांचा जो फायदा होता तो संघाने आधीच इतरांवर खर्च करून टाकला होता. गार्डचा नवा पगार सुरू होईल तेव्हा एवढ्या जणांना एकत्र ठेवणे कॅपमध्ये बसणार नव्हते, हे 2017 मध्येच साध्या बेरजेने दिसत होते.

पुढे काय घडले

सहीनंतरच्या पहिल्या हंगामात, 2017-18 ला, जुना करार चालू असताना, गार्ड 41 सामने खेळला. जानेवारीत डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. तो नसताना सुरुवातीला संघ जिंकत सुटला आणि 'त्याच्याविना चेंडू जास्त फिरतो' अशी कुजबुज सुरू झाली. नंतर तो जोर ओसरला. 43 विजय, प्लेऑफची पहिली फेरी, तिथेच शेवट.

2018-19 मध्ये 32 सामने. टाचेच्या वाढलेल्या हाडाने तो बेजार होता आणि जानेवारीत त्यावर शस्त्रक्रिया झाली. जखमेत संसर्ग झाला. त्यासाठी पुन्हा डॉक्टरांकडे गेला असताना लक्षात आले की मधल्या काळात घरात घसरून पडल्यामुळे अकिलिस तुटली आहे. ना सामना, ना सराव. घरात पाय घसरला, एवढेच. ही बातमी 2019 च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला जाहीर झाली तेव्हा 17 कोटींच्या करारातला पहिला हंगाम सुरू व्हायला आठ-नऊ महिने अवकाश होता.

दुसऱ्याच दिवशी संघाने फॉरवर्डला शिकागोला पाठवले. एप्रिलमध्ये संघाच्या अध्यक्षाला काढले. 82 पैकी 32 विजय.

2019-20 हे नव्या कराराचे पहिले वर्ष. पगार सुमारे 3.8 कोटी, सामने शून्य. त्याच डिसेंबरात गार्डची आई कर्करोगाने गेली. त्या काळात आपल्या मनाची अवस्था काय झाली होती, हे त्याने पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. पगाराच्या आकड्यांवरून चेष्टा करणाऱ्यांनी ते एकदा ऐकावे असे मला वाटते.

2020 च्या डिसेंबरात मूळ संघाने त्याला ह्यूस्टनकडे दिले, सोबत पहिल्या फेरीचा एक अटींचा ड्राफ्ट पिक, म्हणजे पुढच्या एखाद्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडण्याचा हक्क. बदल्यात आला वेस्टब्रुक, म्हणजे 2017 च्या त्या चौघांपैकीच एक. दोघांचे पगार जवळजवळ सारखे. दोन संघांनी आपापले न परवडणारे सुपरमॅक्स एकमेकांशी बदलले, आणि ज्याचा खेळाडू जास्त धोक्याचा त्याने वर एक पिक दिला. बाजाराने गार्डच्या कराराची किंमत शून्याखाली ठरवली, ती या पिकच्या रूपाने.

ह्यूस्टनमध्ये गार्ड 40 सामने खेळला, सरासरी 20 गुणांवर. वाईट नाही. पण तो वेग राहिला नव्हता, आणि ह्यूस्टनचा मोठा खेळाडू हार्डन निघून गेल्यावर तो संघ 72 पैकी 17 सामने जिंकून तळाला गेला. 2021-22 मध्ये गार्ड आणि ह्यूस्टनने मिळून ठरवले की तो खेळणारच नाही; तरुणांना वेळ द्यायचा. सुमारे 4.4 कोटी डॉलर आणि पुन्हा शून्य सामने. 2022 च्या उन्हाळ्यात त्याने मर्जीचे वर्ष घेतले, ह्यूस्टनने 4.7 कोटींऐवजी सुमारे 4.1 कोटी देऊन त्याला मोकळे केले, आणि तो थोड्या पैशात क्लिपर्सकडे जाऊन 34 सामने खेळला. तिथेच त्याची कारकीर्द जवळपास संपली.

करारावरचा आकडा धरला तर ह्यूस्टनच्या त्या 40 सामन्यांचा हिशेब एका सामन्याला 42.5 लाख डॉलर असा पडतो.

ह्यूस्टन मात्र यातून रिकाम्या हाताने गेले नाही. मूळ संघाकडून आलेला तो पिक त्यांनी आणखी एका पिकसोबत ओक्लाहोमा सिटीला दिला आणि 2021 च्या ड्राफ्टमध्ये एक तरुण तुर्की सेंटर घेतला. तो 2025 मध्ये ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी निवडला गेला. मूळ संघालाही थोडी सुटका मिळाली: वेस्टब्रुकने त्यांना एक वर्ष प्लेऑफपर्यंत नेले, आणि 2021 मध्ये लेकर्सने त्याच्यासाठी तीन खेळाडू आणि एक पिक दिला. म्हणजे 17 कोटींच्या करारातले मूळ संघाने खऱ्या अर्थाने वाया घालवले ते पहिल्या वर्षाचे 3.8 कोटी, एक पिक, आणि दोन-तीन वर्षांचा काळ. काळ सर्वांत महाग.

निर्णयाच्या जागा

यात निर्णय कुठे चुकला हे शोधताना मी आधी अपघात वेगळा काढतो. घरात पाय घसरणे कुणाच्या हिशेबात नसते. अकिलिस तुटली म्हणजे सगळे संपते असेही नाही. ड्युरंटची 2019 च्या जूनमध्ये तुटली, ब्रुकलिनने त्याच अवस्थेत त्याला चार वर्षांचे 16.4 कोटी दिले, आणि दीड वर्षाने तो परतला तेव्हा पूर्वीइतकाच भारी होता. पण ड्युरंट जवळजवळ सात फुटांचा आहे आणि त्याचा नेम कुणाच्याही हातावरून जातो. पायातला वेग थोडा कमी झाला तरी त्याचे भागते. गार्डचे भागणार नव्हते. म्हणून माझ्या मते पहिली जागा 2017 मधली ही आहे: '29 ते 32 या वयात हा माणूस कशाच्या जोरावर खेळेल?' हा प्रश्न सहीच्या आधी विचारायचा होता. त्याच्या नेमाच्या आकडेवारीत याचे उत्तर होते.

दुसरी जागा त्याहून मोठी वाटते, आणि ती गार्डच्या कराराची नाहीच. राखीव सेंटरचे 6.4 कोटी आणि फॉरवर्डचे 10.6 कोटी हे निर्णय वेगवेगळे, आपापल्या जागी समजण्यासारखे होते. एकत्र केल्यावर त्यांनी संघाला हलायला जागा ठेवली नाही. बडा खेळाडू स्वस्त असताना जी वर्षे मिळतात त्यांत संघ बांधायचा असतो. गोल्डन स्टेटने हे करून दाखवले. 2012 मध्ये करीच्या घोट्याच्या दुखापतींमुळे त्याने चार वर्षांच्या 4.4 कोटींवर सही केली होती. त्या करारात असताना तो दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, संघाने 73 सामने जिंकले, आणि वाचलेल्या जागेत ड्युरंट आला. मग 2017 मध्ये करीला 20.1 कोटी दिले तेव्हा कुणाची तक्रार नव्हती, आणि त्या करारात असतानाही त्याने जेतेपद आणून दिले. मूळ संघाकडेही 2014 ते 2019 अशी गार्डची स्वस्त वर्षे होती. त्यांत संघाने त्याच्या जोडीला काय मिळवले, हे विचारल्याशिवाय फक्त शेवटच्या चार वर्षांचा हिशेब मांडणे अन्यायाचे आहे.

वेगळे काय करता आले असते

त्याच 2017 च्या शरद ऋतूत फिलाडेल्फियाने जोएल एम्बीडला सुमारे 14.7 कोटींचा करार दिला. तोवर तो लीगमध्ये अवघे 31 सामने खेळला होता. पाय आणि पाठ ही त्याची दुखणी सगळ्यांना माहीत होती, म्हणून करारात कलमे घातली: त्या ठरावीक दुखण्यांमुळे तो ठरलेल्यापेक्षा जास्त सामने चुकला आणि ठरलेल्या मिनिटांपेक्षा कमी खेळला, तर संघ त्याला कमी पैशांत सोडू शकेल. खेळाडूला मोठी रक्कम, संघाला संरक्षण. मूळ संघाला गुडघ्यांसाठी असे कलम मागता आले असते. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्याने इथे मोठी बचत झाली नसती, कारण शेवटी गेली ती टाच. पण असे कलम मागितले असते तर निदान दोन्ही बाजूंना शरीराबद्दल उघड बोलावे लागले असते, आणि बहुधा सही एवढ्या घाईने झाली नसती.

थांबण्याच्या वाटेबद्दल माझे मत बदलत गेले आहे. आज निकाल माहीत असताना 'थांबायला हवे होते' म्हणणे सोपे. पण 2017 च्या जुलैमध्ये, त्या टेबलावरच्या रात्रीनंतर दोन महिन्यांनी, 'वर्षभर बघू' असे त्या खेळाडूला आणि त्या शहराला सांगणारा जनरल मॅनेजर फार काळ टिकला नसता. मला वाटते सही टाळणे जवळजवळ अशक्य होते. टाळण्यासारखे होते ते चौथे वर्ष त्याच्या मर्जीवर सोडणे आणि ट्रेड बोनस. स्वतःच्या संघाखेरीज कुणीही एवढे पैसे देऊ शकत नाही, अशी स्थिती असताना वर आणखी सवलती देण्याचे कारण काय होते?

आता हा प्रश्न आणखी टोकदार झाला आहे. 2023 च्या नियमांनुसार पगार ठरावीक मर्यादेपलीकडे, म्हणजे 'सेकंड एप्रन'च्या वर, गेले की संघाला ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र करता येत नाहीत आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिकही गोठतो, म्हणजे ट्रेडमध्ये देता येत नाही. पूर्वी श्रीमंत मालक जादा पगारावरचा लीगचा कर भरून चूक झाकायचा. आता ती झाकता येत नाही.

मूळ संघाने मात्र 2022 मध्ये तेच पुन्हा केले. गार्डच्या जोडीचा तो शूटिंग गार्ड आता त्यांचा एकमेव मोठा खेळाडू होता. त्याला पाच वर्षांचे 25.1 कोटी दिले आणि वर एक कलम: त्याच्या संमतीशिवाय ट्रेड नाही. वर्षभरात संघ मोडायचे ठरले, पण कुठे जायचे हे तोच ठरवणार होता. 2023 च्या जूनमध्ये तो फिनिक्सला गेला आणि त्या दर्जाच्या खेळाडूचा एरवी जो मोबदला येतो त्याच्या जवळपासही काही हाती लागले नाही. 2025 च्या जुलैत फिनिक्सनेही हिशेब मिटवून त्याला मोकळे केले. 25.1 कोटी समजू शकतो. ते त्या उन्हाळ्यातले दर होते. ते कलम समजत नाही. दुसरा कोणताही संघ त्याला पाचवे वर्ष देऊच शकत नव्हता, त्यामुळे त्याला राखण्यासाठी त्या कलमाची गरजच नव्हती.